गर्भातली पेशी दाबली गेल्याचं जनुकाला कसं कळतं?

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ती)

शाळेत आपण एकाच दिशेचा रस्ता शिकतो. जनुक हुकूम सोडतं, प्रथिन बनतं, प्रथिनांमुळे पेशी सरकतात, वाकतात, त्यांच्या थरांना घड्या पडतात आणि गर्भाला आकार येतो. मीही बरीच वर्षं तेच धरून चालले होते. हा धागा काढायचं कारण, हा रस्ता दुतर्फा आहे आणि त्याचा पुरावा मला फार देखणा वाटतो.

फळमाशीचा गर्भ म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा तांदळाचा दाणा. अंडं घातल्यापासून तीनेक तासांत त्यात सुमारे ६००० पेशी एका थरात मांडलेल्या असतात आणि मग अचानक गडबड सुरू होते. पोटाकडचा पट्टा आत बुडतो. लगेच धडाचा पट्टा लांबायला लागतो, शेपटीच्या टोकाला वळसा घालून पाठीवरून पुढे सरकतो आणि डोक्याकडच्या पेशींना रेटतो. त्या रेटल्या गेलेल्या पेशींतून पुढे अन्ननलिकेचा सुरुवातीचा भाग होतो. आणि नेमकं त्याच वेळी त्या पेशींमध्ये 'ट्विस्ट' नावाचं जनुक जोरात चालू होतं. (हे जनुक बिघडलं की गर्भ पिळवटलेला दिसतो म्हणून हे नाव. माशीवाल्यांची नावं ठेवायची पद्धत अशीच आहे, पुढे आणखी नमुने येतील.)

२००३ मध्ये पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमधल्या इमॅन्युएल फार्ज यांनी एक साधा प्रश्न विचारला. रेटा आणि जनुक एकाच वेळी हा योगायोग, की रेट्यामुळे जनुक? त्यांनी गर्भ काचेखाली हलकेच दाबला, जाडी दहाएक टक्क्यांनी कमी होईल इतपत. ट्विस्ट एरवी जिथे बंद असतं तिथेही, पाठीकडेसुद्धा, चालू झालं.

इथपर्यंत कोणीही म्हणेल की दाबल्यावर बिचारा गर्भ घाबरला असेल. म्हणून खरा प्रयोग पुढचा आहे, २००८ चा. पाठीवरच्या काही पेशी लेझरने निकामी केल्या, त्यामुळे पुढच्या पेशींवर येणारा रेटा कमी झाला. ट्विस्ट मंदावलं. मग गर्भात आधीच टोचून ठेवलेले चुंबकीय कण बाहेरच्या चुंबकाने ओढून तेवढाच रेटा परत दिला. ट्विस्ट परत वर आलं. काढून घ्या, जनुक मंदावतं. परत द्या, जनुक जागं होतं. आणि ट्विस्ट तिथे पुरेसं चढलं नाही तर मधल्या आतड्याचा पुढचा भाग नीट घडत नाही, अळी जगत नाही.

विद्यार्थी असताना मी हे गर्भ हाताळले आहेत. ब्लीचमध्ये बुडवून वरचं कवच काढायचं, तेलाच्या थेंबात ठेवायचे, वर पातळ काच. काच जरा जास्त टेकली की गर्भ फुटतो आणि शिव्या खाव्या लागतात. त्यामुळे 'दहा टक्के' दाबणं काय चीज आहे हे मला चांगलं ठाऊक आहे.

माणसातली, माशातली, कोंबडीतली उदाहरणं पुष्कळ आहेत. माहितगारांनी भर घालावी. मतभेद असतील तर ते आधी.

कुतूहल

छान लिहिलंय, वाचनखूण साठवली. पण शीर्षकातला प्रश्न तसाच राहिला की! पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत. दाबलं गेल्याचं 'कळतं' म्हणजे नक्की काय होतं?

सूक्ष्मदर्शी

हो, तिथे मी हात आखडता घेतला. एकच उत्तर नाही.

वरच्या माशीच्या प्रयोगात निरोप्या आहे बीटा-कॅटेनिन. हे प्रथिन दोन नोकऱ्या करतं. दिवसा शेजारशेजारच्या पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या सांध्यांत डांबासारखं बसतं. सांध्यावर ताण आला की त्याचा एक झाकलेला भाग उघडा पडतो, त्यावर फॉस्फेटचा शिक्का बसतो आणि ते सांध्यातून सुटतं. सुटलेलं बीटा-कॅटेनिन केंद्रकात जाऊन दुसरी नोकरी पत्करतं, जनुकं चालू करायची. म्हणजे ताण जिथे लागतो तिथेच निरोप्या आधीपासून बसलेला असतो. २०१३ मध्ये त्याच गटाने दाखवलं की झेब्राफिशच्या गर्भातही हीच युक्ती आहे. तिथे ट्विस्टच्या जागी 'नोटेल' हे जनुक. माशी आणि मासा यांचे पूर्वज निदान ५५ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तेव्हा युक्ती बरीच जुनी असावी.

दुसरा निरोप्या 'याप', हेही प्रथिनच. पेशी पसरलेली, ताणलेली असली की तो केंद्रकात शिरतो. गोळा होऊन आरामात असली की बाहेर थांबतो. इटलीतल्या पादुआच्या स्टेफानो पिकोलो यांच्या गटाचं २०११ चं काम यावर गाजलं. उंदराच्या अगदी कोवळ्या गर्भात, आठाच्या सोळा पेशी होताना, काही पेशी आत ढकलल्या जातात आणि काही बाहेर राहतात. ज्या जास्त आवळतात त्या आत जातात. बाहेरच्यांत याप केंद्रकात शिरतो आणि 'सीडीएक्स२' चालू होतं, त्यांच्यापासून पुढे वारेचा भाग होतो. आतल्यांपासून पिल्लू. म्हणजे तू वार होणार की बाळ होणार, हा आयुष्यातला पहिला निवाडा काही अंशी कोण किती आवळतं यावर ठरतो! मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडा वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

तिसरा मार्ग पेशीच्या आवरणातल्या दरवाजांचा. 'पिझो' नावाच्या वाहिन्या आवरण ताणलं की उघडतात आणि कॅल्शियम आत घुसतं. २०१० मध्ये आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेत त्या सापडल्या, २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. पिझो१ नसलेले उंदराचे गर्भ रक्तवाहिन्या नीट न घडल्यामुळे गर्भातच मरतात.

शिवाय निरोप्याशिवायही काम होतं. पेशीचा सांगाडा केंद्रकाच्या भिंतीला दोरखंडांसारख्या प्रथिनांनी बांधलेला असतो आणि भिंत आतल्या गुणसूत्रांना. बाहेरून ओढलं तर गुणसूत्राचा धागा उलगडून तिथलं जनुक जास्त वाचलं जातं, हे २०१६ मध्ये दाखवलंय. मात्र ते ताटलीतल्या पेशींत, गर्भात नव्हे. हा फरक लक्षात ठेवा, त्यावरून इथे भांडण होणार आहे.

शंकासुर

भांडणाचं निमंत्रण मिळालं म्हणून आलो.

धागाकर्तीचं कौतुक आहेच, पण या विषयात एक रोग पसरलाय. जिथे ताण आणि जनुक एकत्र दिसले, तिथे 'बलामुळे जनुक चालू' असं छापून मोकळे. गर्भाला दाबा, गरम करा, टोचा, काही ना काही जनुकं चालू होणारच. माशीचंच घ्या. पोटाकडे ट्विस्ट पहिल्यांदा कशाने चालू होतं? 'डॉर्सल' प्रथिन गर्भात एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी असतं, त्या फरकाने. ते पूर्णपणे रासायनिक आहे, तेव्हा कसलीही घडी पडलेली नसते. डोकं कुठे आणि शेपूट कुठे हे 'बायकॉइड' प्रथिनाच्या प्रमाणावरून ठरतं, १९८८ पासून माहीत आहे. नकाशा रसायनांनी काढलेला आहे. बलं म्हणजे फार तर गवंडी.

गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांचा १९५२ चा प्रसिद्ध निबंध उघडून बघा. गर्भाच्या स्थितीचे दोन भाग असतात, यांत्रिक आणि रासायनिक, असं ते स्वच्छ म्हणतात आणि मग यांत्रिक भाग बाजूला ठेवून पुढे जातात. तेवढ्यावरही माणसाने पट्टे आणि ठिपके काढून दाखवले.

सूक्ष्मदर्शी

डॉर्सलचं म्हणणं शंभर टक्के मान्य, आणि ते मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. पहिला नकाशा रसायनांचाच. त्याला मी हात लावतच नाहीये.

ट्युरिंग यांचा दाखला मात्र तुमच्यावरच उलटतो. त्यांनी यांत्रिक भाग बिनमहत्त्वाचा म्हणून सोडला नाही, गणित हाताबाहेर जाईल म्हणून सोडला. किल्ली अंधारात पडली आणि शोध दिव्याखाली चालू आहे, तशातला प्रकार.

'दाबलं की काहीही चालू होतं' या आक्षेपाला म्हणूनच एक कसोटी लावायची. नुसतं दाबून भागणार नाही. गर्भ स्वतः जो ताण निर्माण करतो तो काढून घ्यायचा आणि मग तेवढाच, त्याच जागी परत द्यायचा. लेझरने पेशी मारल्या म्हणून ट्विस्ट मंदावलं असतं, तर चुंबकाने रेटा परत दिल्यावर ते वर यायचं कारण नव्हतं. मेलेल्या पेशी काही जिवंत झाल्या नव्हत्या. ही कसोटी न लावलेले निबंध खूप आहेत, तुमचा राग त्यांच्यावर असेल तर मी तुमच्याच बाजूची.

तिरकस

'दाबल्याशिवाय काम करत नाही' हे आमच्या साहेबांचं मत आता विज्ञानाने सिद्ध झालं म्हणायचं.

अर्धवट_अभियंता

मी यंत्र अभियंता. जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं ते सुटलं. पण आतड्याचं प्रकरण वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या विषयाचा हेवा वाटला.

पोटात आतड्याची वेटोळी कशी पडतात? मला वाटायचं, नळी लांब आणि जागा कमी म्हणून कशीतरी कोंबलेली. तसं नाही. कोंबडीच्या एका जातीच्या गर्भांत वेटोळ्यांची संख्या आणि ठेवण सारखीच निघते. आतडं ज्या पातळ पडद्याने पाठीला जोडलेलं असतं तो पडदा हळू वाढतो आणि आतडं भराभर. रबरी नळी ताणलेल्या रबरी पत्र्याच्या कडेला शिवा आणि पत्रा सोडून द्या, नळी वेटोळी घालते. २०११ मध्ये हार्वर्डमधल्या लोकांनी अक्षरशः हेच केलं, रबराची नळी आणि रबराचा पत्रा घेऊन. वेटोळ्याचा आकार किती असेल याचं सूत्र मांडलं. कोंबडी, लावा पक्षी, उंदीर सगळ्यांना ते लागू पडलं. पडदा कापला की आतडं सरळ होतं. शुद्ध बकलिंग, म्हणजे दाबाखाली वाकणं! आमच्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम.

पण हे झालं आकाराचं. धाग्याचा विषय जनुकांचा आहे, तर त्याच आतड्याच्या आतल्या बाजूला या. तिथे बोटांसारखे उंचवटे असतात. गर्भात अस्तर आधी गुळगुळीत असतं. बाहेर गोल स्नायूंचं कडं तयार झालं की अस्तराला पसरायला जागा उरत नाही आणि उभ्या घड्या पडतात. मग लांबीच्या दिशेने स्नायू येतात, घड्या नागमोडी होतात. शेवटी त्यातून एकेक उंचवटा सुटा होतो. स्नायू काढले तर घड्याच पडत नाहीत.

आता गंमत. अस्तरातल्या पेशी 'सोनिक हेजहॉग' नावाचा संकेत खालच्या थरात सोडत असतात. अस्तर सपाट असताना तो सगळीकडे सारखा पसरतो. उंचवटा झाला की टोकाखालचा खालचा थर तीन बाजूंनी अस्तराने वेढला जातो, आणि तिथे संकेत साचतो. गल्लीच्या टोकाला पाणी तुंबावं तसा. साचला की तिथली जनुकं चालू होतात आणि ती वरच्या अस्तराला उलट निरोप देतात, इथे विभाजन बंद. म्हणून मूळपेशी, म्हणजे विभागून नव्या पेशी देत राहणाऱ्या पेशी, उंचवट्याच्या पायथ्याशीच उरतात. २०१५ मध्ये सपाट आतड्यावर बारीक जाळी ठेवून वेळेआधी खोटे उंचवटे पाडले, तर त्या खोट्या टोकांतही जनुकं वेळेआधी चालू झाली. रसायन तेच, प्रमाण तेच, फक्त भूमिती बदलली.

शंकासुर, गवंड्याने भिंत वाकडी बांधली म्हणून नकाशा बदलला, असं हे आहे.

शंकासुर

हे उदाहरण चांगलं आहे. पण नीट बघा, इथे पेशीला ताण 'कळत' नाहीये. तिला हेजहॉगच कळतोय. बल फक्त भांड्याचा आकार बदलतं.

अर्धवट_अभियंता

मान्य. पण शेवटी जनुक कोणाच्या धक्क्याने चालू झालं, हे विचाराल तर स्नायूच्या.

रात्रपाळी

नवजात शिशूंच्या विभागात काम करते, म्हणून ही बाजू.

आधी हृदय. आपण समजतो हृदय आधी तयार होतं आणि मग रक्त वाहायला लागतं. प्रत्यक्षात ते चालू यंत्रावर बांधकाम आहे. झेब्राफिशमध्ये साधारण २४ तासांत ठोके सुरू होतात, तेव्हा हृदय म्हणजे एक साधी नळी, झडपा नाहीतच. २००३ मध्ये हृदयाच्या तोंडाशी काचेचा अगदी बारीक मणी अडकवून प्रवाह अडवला, तर नळी नीट वळली नाही, झडपा झाल्या नाहीत आणि पुढचा कप्पा बनलाच नाही. नंतर २००९ मध्ये कळलं की झडप जिथे व्हायची तिथे रक्त प्रत्येक ठोक्याला पुढे-मागे हिंदकळतं, आणि या हिंदकळण्याने आतल्या पेशींमध्ये 'केएलएफ२ए' जनुक चालू होतं. ते दाबलं तर झडप होत नाही. म्हणजे गळकी नळी स्वतःच्या गळतीमुळे स्वतःला झडप बसवून घेते.

झेब्राफिशमध्ये 'सायलेंट हार्ट' नावाचा एक प्रकार आहे, त्याचं हृदय कधीच धडधडत नाही. मासा इतका लहान की प्राणवायू कातडीतूनच झिरपतो, म्हणून काही दिवस जगतो. अशा पिल्लांत रक्ताच्या मूळपेशी फारच कमी तयार होतात. उलट २००९ मध्येच ताटलीतल्या उंदराच्या पेशींवरून नुसता द्रव वाहवला तर 'रनएक्स१' हे रक्तपेशी घडवणारं जनुक चढलं. वाहणाऱ्या रक्ताच्या घर्षणातून पुढचं रक्त.

आता सांधे. कोंबडीच्या गर्भाला स्नायू लुळे करणारं क्युरारेसारखं औषध देऊन हालचाल बंद केली तर सांध्याच्या जागी पोकळी होत नाही, हाडं जोडलेली राहतात. हे १९६६ मध्येच दाखवलं गेलंय. २००९ मध्ये स्नायूच नसलेल्या उंदराच्या गर्भात सांध्याच्या होऊ घातलेल्या पेशी आपली वाट सोडून कूर्चा होताना दिसल्या, आणि त्यांच्यातला बीटा-कॅटेनिनचा संकेत गेलेला होता. सगळे सांधे सारखे बिघडले नाहीत हेही सांगते. कोपर गेलं, गुडघा बऱ्यापैकी वाचला. का वाचला यावर आमच्याकडे चहाच्या वेळी बरेच वाद होतात. जन्मतः सांधे आखडलेली बाळं आम्ही बघतो. कारणं बरीच असतात, पण बहुतेकांचा समान धागा हाच की गर्भात हालचाल कमी होती.

आणि फुप्फुस. गर्भातलं फुप्फुस द्रवाने भरलेलं असतं आणि त्या द्रवाच्या दाबावर वाढतं. श्वासपटलाला भोक असेल तर आतडी छातीत शिरतात आणि फुप्फुस वाढायला जागा मिळत नाही. यावर एक उपाय म्हणजे गर्भातच बाळाच्या श्वासनलिकेत एक छोटा फुगा बसवायचा, द्रव बाहेर पडू द्यायचा नाही, आतला दाब वाढवायचा. साधारण २७ ते २९ आठवड्यांत फुगा घालतात आणि ३४ च्या आसपास काढतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, डाव्या बाजूच्या गंभीर प्रकारात, फुगा घातलेल्या ४० पैकी १६ बाळं घरी गेली, न घातलेल्या ४० पैकी ६. मात्र मुदतीपूर्वी प्रसूतीचा धोका वाढला, आणि मध्यम तीव्रतेच्या प्रकारात ठळक फरक दिसला नाही. त्यामुळे सरसकट जादू समजू नये.

कुतूहल

बाप रे. मग एक बाळबोध प्रश्न, हसू नका. आईच्या पोटावर दाब आला, ती उड्या मारत असली, कुशीवर झोपली तर या सगळ्यावर परिणाम होतो का?

रात्रपाळी

हसत नाही, हा प्रश्न रोज येतो. वर जी बलं चालली आहेत ती गर्भाच्या पेशींनी स्वतः तयार केलेली आहेत, आणि सुरुवातीच्या गर्भात ती इतकी सूक्ष्म असतात की मोजायला नॅनोन्यूटन वापरतात. पुढे बाळ पाण्यात तरंगतं. बाहेरचा दाब पाण्यातून सगळ्या बाजूंनी सारखा पोचतो, त्यामुळे एखाद्या पेशीसमूहाला ओढाताण होत नाही. खरी अडचण पाणीच नसेल तर येते. गर्भजल फार आधीपासून फार कमी असेल तर बाळ आवळलं जातं, हातपाय वाकडे होतात, आणि मुख्य म्हणजे फुप्फुसं खुरटतात. कुशीवर झोपल्याने जनुकं बदलतात असं कोणी विकत असेल तर विकत घेऊ नका. बाकी शंका असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारा, धाग्यावर नको.

शंकासुर

रात्रपाळींचा प्रतिसाद आवडला. आता मी सगळ्यात गाजलेल्या उदाहरणावर येतो, कोणी काढलं नाही म्हणून. हृदय डावीकडे का?

उंदराच्या गर्भाच्या पोटाकडे एक छोटा खड्डा असतो. त्यातले केसासारखे सिलिया गोल फिरतात, आणि जरा मागे झुकलेले असल्यामुळे द्रव डावीकडे वाहतो. १९९८ मध्ये जपानमध्ये दिसलं. २००२ मध्ये पंप लावून प्रवाह उलटा केला तर अवयवांची बाजू उलटली. २०१२ मध्ये तर असं दिसलं की दोनच सिलिया फिरत असले तरी पुरतं. माणसात सिलिया बिघडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचं हृदय उजवीकडे असतं, कार्टाजेनर यांनी १९३३ मध्ये वर्णन केलेला प्रकार. म्हणजे प्रवाह नसला तर छापा-काटा.

इथपर्यंत सगळे बलवाले टाळ्या वाजवतात. पण प्रवाह म्हणजे बल कशावरून? प्रवाह एखादं रसायन डावीकडे वाहून नेत असेल. पंपाच्या प्रयोगात दोन्ही शक्यता सारख्याच बसतात. पंधरा-वीस वर्षं हे भांडण चाललं. तुमची कसोटी इथे लावा बरं.

सूक्ष्मदर्शी

वाट बघत होते कोणी हे काढेल याची.

२०२३ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी ती लावली, एकाने उंदरात, दुसऱ्याने झेब्राफिशमध्ये. प्रवाह नसलेले गर्भ घेतले. खड्ड्याच्या कडेला जे न फिरणारे सिलिया असतात, त्यांतला एकेक सिलियम प्रकाशाच्या चिमट्याने, म्हणजे लेझरच्या झोतात पकडून, वाकवला. द्रव वाहत नाही, रसायन कुठे जात नाही, फक्त केस वाकतोय. पेशीत कॅल्शियम उसळलं. उंदरात 'डॅन्ड५' या जनुकाचा निरोप त्या पेशीत नष्ट व्हायला लागला, आणि एरवी डावी बाजू ठरते ती याच पायरीने, कारण डॅन्ड५ हटलं की 'नोडल' हा डाव्या बाजूचा संकेत मोकळा सुटतो. माशात तर प्रवाह नसलेल्या गर्भांची बाजू नुसतं सिलिया वाकवून ठरवता आली.

रसायन वाहतच नाही असं यातून सिद्ध होत नाही. पण नुसता वाकवण्याचा निरोप पुरतो, हे झालं.

शंकासुर

हे मी वाचलं नव्हतं. वाचतो.

(दुसऱ्या दिवशी) वाचलं. मान्य. डाव्या-उजव्यापुरतं.

अर्धवट_अभियंता

मूळपेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलीवर वाढवल्या तर वेगवेगळ्या होतात, असंही वाचलंय. २००६ चं. मेंदूइतक्या मऊवर चेतापेशींसारख्या, स्नायूइतक्यावर स्नायूसारख्या, २५ ते ४० किलोपास्कलवर (हे कडकपणा मोजायचं एकक) हाडासारख्या. आमच्या क्षेत्रात कडकपणा हा पदार्थाचा गुण. इथे तो सूचना आहे!

सूक्ष्मदर्शी

त्या निबंधाने हे क्षेत्र उभं केलं यात शंका नाही, पण मी त्याला गर्भाचा पुरावा म्हणून वापरत नाही. ताटलीत जेलीचा थर, त्यावर प्रौढ अस्थिमज्जेतल्या पेशी. कोवळा गर्भ इतका लिबलिबीत असतो की तिथे किलोपास्कल नव्हे, पास्कलच्या शेकड्यांत बोलतात. गर्भातलं उदाहरण हवं तर बेडकाचं घ्या. चेहऱ्याची हाडं आणि नसा घडवणाऱ्या पेशी प्रवासाला निघण्याआधी थांबून असतात. त्यांच्या खालचा थर दाटीवाटीने कडक झाला की त्या निघतात. २०१८ मध्ये लंडनच्या एका गटाने खालचा थर मऊ केला तर त्या निघाल्या नाहीत, आणि वेळेआधी कडक केला तर वेळेआधी निघाल्या. काढून घेणं आणि देणं, दोन्ही केलेलं.

शंकासुर

पिसांचं कोणी काढणार असेल तर आधीच सांगतो. कोंबडीच्या कातडीत खालच्या पेशी आवळून गोळा होतात, वरचा थर दाबला जातो, बीटा-कॅटेनिन सुटतं आणि पिसाची जनुकं चालू होतात, हा २०१७ चा निबंध मला माहीत आहे. पण २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की पाठीवर पिसांच्या रांगा नेटक्या पडायला एक रासायनिक लाट पुढे सरकावी लागते. शहामृग आणि इमूमध्ये ती लाट दुबळी असते, आणि त्यांची पिसं रांगेत नसतात.

सूक्ष्मदर्शी

दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही निबंधांत पेशींची दाटी मध्यभागी आहे. लाट कुठे आणि केव्हा हे सांगते, गोळा होण्याचं काम पेशींच्या आवळण्याचं. कातडी फार कडक किंवा फार मऊ पृष्ठावर ठेवली तर पिसं उमटत नाहीत. लाट एकटी काय करणार?

अर्धवट_अभियंता

शेवटचं एक टाकतो. माशीच्या गर्भात डोकं आणि धड यांच्या सीमेवर एक खोल घडी पडते आणि थोड्या वेळाने उलगडून नाहीशी होते. तिच्यापासून कुठलाही अवयव होत नाही. मग जनुकांनी एवढा खटाटोप कशाला करायचा? २०२५ मध्ये दोन गटांनी उत्तर दिलं. ज्या जनुकांमुळे ती घडी पडते ती बिघडवली, तर त्याच भागात वेड्यावाकड्या सुरकुत्या पडायला लागतात. एका बाजूने डोक्यातल्या पेशी विभागताना फुगतात, दुसरीकडून धडाचा पट्टा लांबतो, मधला थर चेपला जातो. घडी तो दाब गिळते. पुलाच्या दोन तुकड्यांमध्ये आम्ही फट सोडतो ना, उन्हाने पूल वाढला तर वाकू नये म्हणून, तीच ही. आणि ती फक्त माश्यांच्या काही कुळांत आहे, डासांकडे नाही.

म्हणजे इथे बलाने जनुक चालू केलं नाही. बलामुळे पिढ्यान्‌पिढ्यांत जनुकांचा कार्यक्रमच तसा घडला.

शंकासुर

याला 'काढून परत द्या' कसोटी कशी लावणार? उत्क्रांती परत देता येत नाही.

अर्धवट_अभियंता

उत्क्रांतीला नाही, पण दाबाला लावलीय. घडी नसलेल्या गर्भात धडाचा पट्टा लांबायचा थांबवला, तर वेड्यावाकड्या सुरकुत्या कमी झाल्या.

सूक्ष्मदर्शी

आणि हा पट्टा तोच, बरं का. पुढे सरकून अन्ननलिकेच्या पेशींना रेटणारा, ज्याच्यापासून धागा सुरू झाला. एकच रेटा, एका जागी ट्विस्ट जागं करतो आणि थोड्याच अंतरावर त्याला गिळायला घडी बांधून ठेवावी लागते.